विखुरलेल्या शास्त्राचा सूत्रकार

श्रमविभागणीमुळे उत्पादन वाढते, हा अर्थशास्त्रातील अगदी आरंभीच्या धड्यांपैकी एक धडा होय. परंतु या धड्याला जोडूनच एक अट येते आणि ती मात्र पुष्कळदा विसरली जाते. वेगवेगळ्या हातांनी केलेली कामे शेवटी कोणीतरी एकत्र जुळवावी लागतात. ती जुळणी झाली नाही, तर प्रत्येक कारागीर आपापल्या जागी कितीही कुशल असला, तरी माल तयार होत नाही. ज्ञानाच्या क्षेत्रात विसाव्या शतकात नेमके हेच घडले. माहितीची नोंद ठेवणे, तिची विषयवार मांडणी करणे आणि मागणाऱ्याच्या हाती ती वेळेवर पोहोचविणे, हे वस्तुतः एकच काम. पण ते ग्रंथपाल, प्रलेखनकार, अभिलेखपाल आणि संगणकतज्ज्ञ यांच्यात वाटले गेले. प्रत्येकाने आपली परिभाषा वेगळी केली, परिषद वेगळी भरविली, परीक्षाही वेगळी घेतली. परिणामी एकाने सोडविलेले कोडे दुसरा पुन्हा पहिल्यापासून सोडवू लागला.

या विस्कळित क्षेत्राला एका सूत्रात ओवण्याचा चिकाटीचा प्रयत्न ज्यांनी केला, त्यांत एका भारतीय गणिताध्यापकाचे स्थान फार वरचे आहे. ते म्हणजे डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन. दरवर्षी १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिनाच्या निमित्ताने शाळा-महाविद्यालयांतून आणि वाचनालयांतून त्यांच्या प्रतिमेला हार घातला जातो. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक असे म्हणून त्यांचा गौरव होतो. तो यथार्थच आहे. पण त्या गौरवात त्यांच्या कार्याचे मर्म झाकून जाते. रंगनाथन यांनी एक नवा व्यवसाय देशात आणला एवढेच नव्हे. परस्परांपासून दुरावत चाललेल्या अनेक व्यवसायांना त्यांनी समान पाया असल्याचे दाखवून दिले. हा पाया आज पुन्हा एकदा तपासून पाहण्याची वेळ आलेली आहे.

गणिताकडून ग्रंथांकडे

रंगनाथन यांचा जन्म ऑगस्ट १८९२ मध्ये तंजावर जिल्ह्यातील शियाळी या गावी झाला. तंजावर म्हटले की मराठी वाचकाला सरफोजीराजांचा सरस्वती महाल ग्रंथालय आठवतो. त्याच जिल्ह्यातल्या एका साध्या कुटुंबात हा ग्रंथालयशास्त्रज्ञ जन्माला आला, हा एक सुखद योगायोग. वयाच्या सहाव्या वर्षी वडिलांचे छत्र हरपले आणि पुढचे संगोपन आजोबांच्या घरी झाले. बोलताना अडखळण्याचा दोष त्यांना होता. त्यावर त्यांनी प्रयत्नपूर्वक मात केली. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातून १९१३ साली ते बी. ए. झाले आणि १९१६ साली गणित विषय घेऊन एम. ए. झाले. तेथील गणिताचे प्राध्यापक एडवर्ड रॉस हे त्यांचे गुरू. गुरुशिष्यांचा हा स्नेह पुढे आयुष्यभर टिकला. अध्यापनाची पदवी घेतल्यावर रंगनाथन यांनी मंगळूर, कोइमतूर आणि शेवटी मद्रासचे प्रेसिडेन्सी कॉलेज येथे गणित शिकविले. शिकविण्यात ते मनापासून रमले होते.

मद्रास विद्यापीठाने ग्रंथपालाचे पद निर्माण केले, तेव्हा त्यांनी अर्ज केला तो काही ग्रंथालयाच्या ओढीने नव्हे. पगार बरा होता आणि मित्रांचा आग्रह होता. या जागेसाठी सुमारे नऊशे अर्ज आले होते, असे सांगतात. ग्रंथालयाचे रीतसर शिक्षण घेतलेला मनुष्य त्या काळी दुर्मीळच होता. रंगनाथन यांनीही मुलाखतीपूर्वी ज्ञानकोशातील ग्रंथालयांवरची नोंद वाचून घेतली होती, तेवढीच काय ती त्यांची तयारी. जानेवारी १९२४ मध्ये ते रुजू झाले आणि पहिल्याच आठवड्यात कंटाळले. वर्गातील मुलांची वर्दळ कोठे आणि येथली सुनसान खोली कोठे! ते प्रेसिडेन्सी कॉलेजच्या प्राचार्यांकडे जुनी जागा परत मागावयास गेले. अखेर तडजोड ठरली. ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासासाठी त्यांनी इंग्लंडला जावे आणि परतल्यावरही हे काम रुचले नाही, तर पुन्हा गणित शिकवावे. 

त्या प्रवासाने त्यांचे आयुष्य पालटले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील ग्रंथपालांच्या विद्यालयात बर्विक सेयर्स यांच्यासारखा वर्गीकरणाचा जाणता शिक्षक त्यांना लाभला. त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथालये पाहिली. कामगारवस्तीतील सार्वजनिक वाचनालये पाहिली, मुलांचे विभाग पाहिले आणि ग्रंथालय ही समाज घडविणारी शक्ती होऊ शकते, हे त्यांना उमगले. मात्र गणिती मनाला दुसरीही एक गोष्ट खटकली. प्रत्येक ग्रंथालयाची रीत वेगळी होती. पण कोणती रीत योग्य आणि ती का योग्य, हे सांगणारे तत्त्व कोठेच नव्हते. नियम असंख्य, सिद्धांत एकही नाही! १९२५ साली मायदेशी परतताना जहाजावरील पुस्तकसंग्रहाची मांडणी करीत त्यांनी आपले पहिले प्रयोग सुरू केले. गणिताच्या वर्गाकडे ते पुन्हा फिरकले नाहीत.

पंचसूत्री

या असंख्य रीतींच्या मुळाशी काही थोडी तत्त्वे असली पाहिजेत, या ध्यासाने त्यांना पुढील काही वर्षे पछाडले. १९२८ साली ती तत्त्वे त्यांच्या मनात आकाराला आली आणि १९३१ साली मद्रास ग्रंथालय संघाने ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री म्हणून ती आज जगभर ओळखली जाते. त्याच १९२८ साली त्यांची पहिली पत्नी रुक्मिणी हिचा अपघाती मृत्यू झाला होता. वैयक्तिक आघाताच्या आणि बौद्धिक उभारणीच्या त्या काळात त्यांनी काम थांबविले नाही.

पंचसूत्रीचा आशय इतका साधा आहे की, प्रथमदर्शनी त्यात शास्त्र ते काय, असे कोणालाही वाटावे. पुस्तकांचे प्रयोजन त्यांचा उपयोग होण्यात आहे, त्यांची राखण करण्यात नाही. कोणत्याही वाचकाला, मग तो विद्वान असो वा नवसाक्षर, त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे. जसा वाचकाला पुस्तकाचा हक्क, तसाच पुस्तकालाही आपल्या वाचकाचा हक्क आहे. वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये. आणि ग्रंथालय ही सतत वाढणारी, म्हणूनच सतत बदलणारी गोष्ट आहे. एवढेच. परंतु युक्लिडच्या भूमितीप्रमाणे या पाच गृहीतांपासून रंगनाथन यांनी ग्रंथालयाचा सारा व्यवहार निष्पन्न करून दाखविला. इमारत वस्तीच्या जवळ का हवी, कपाटे माणसाच्या हाताच्या उंचीची का हवीत, ती कुलूपबंद का नसावीत, तालिका कशी करावी, वाचकाच्या मदतीला स्वतंत्र सेवक का हवेत, या प्रश्नांची उत्तरे पाच सूत्रांतून निघू लागली.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या सूत्रांत आपल्या ओळखीचे विचार सापडतील. न वाचले गेलेले पुस्तक हे पडून राहिलेले भांडवल होय. त्यावर खर्च झालेला आहे, पण उत्पन्न शून्य. वाचकाला ताटकळत ठेवून ग्रंथालयाने आपल्या सेवकवर्गात बचत केली, तर ती खरी बचत नव्हे. खर्च केवळ संस्थेच्या खात्यातून वाचकाच्या खात्यात ढकललेला असतो. आणि वाचकांची संख्या सेवकांच्या कितीतरी पट असल्याने समाजाचा एकूण तोटा वाढतोच. वाचकाच्या वेळेला किंमत आहे, हा विचार आपल्या देशात १९३१ साली मांडला जावा, ही गोष्ट लहान नाही. मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यांनी कपाटे वाचकांसाठी खुली केली. पुस्तके चोरीला जातील, ही भीती तेव्हाही घातली जात होती. त्यांच्या दृष्टीने कुलपाआड कायमचे बंद असलेले पुस्तकही वाचकाच्या लेखी हरवलेलेच होते.

मात्र पंचसूत्रीचे खरे सामर्थ्य आणखी एका गोष्टीत आहे. त्यातील पुस्तक हा शब्द काढून त्या जागी लेख, नकाशा, दप्तर, आकडेवारी किंवा आजच्या काळातील संगणकीय नोंद असा कोणताही शब्द घातला, तरी सूत्रे अबाधित राहतात. म्हणजेच ती ग्रंथालयाच्या इमारतीपुरती नाहीत. माहिती आणि माणूस यांची गाठ घालून देणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेची ती सूत्रे आहेत. एकीकरणाचे बीज येथे आहे.

खेळण्यातील तत्त्व

दुसरे कार्य वर्गीकरणाचे. अमेरिकेतील मेल्विल ड्यूई यांची दशांश पद्धती १८७६ पासून प्रचारात होती. तिच्यात विषयांची तयार यादी असते आणि प्रत्येक विषयाला ठरावीक अंक असतो. पुस्तक हाती आले की यादीतील जवळची जागा पाहून ते तेथे बसवावयाचे. अडचण अशी की, ज्ञान यादीसाठी थांबत नाही. यादी छापून होते न होते तोच दोन शास्त्रांच्या सीमेवर तिसरे शास्त्र उभे राहते.

लंडनच्या एका मोठ्या दुकानात रंगनाथन यांनी मेकॅनो नावाच्या खेळण्याचे प्रात्यक्षिक पाहिले. त्याच त्या पट्ट्या, चाके आणि स्क्रू जोडून विक्रेता दर वेळी नवीन वस्तू बनवीत होता. विषयांचेही असेच करता येईल, हे त्यांच्या मनात चमकले. विषयांची तयार यादी देण्याऐवजी विषयाचे सुटे भाग द्यावेत आणि ते जोडण्याचे नियम द्यावेत. मग जो विषय समोर येईल त्याचा अंक जागच्या जागी तयार होईल. जोडणीची खूण म्हणून त्यांनी द्विबिंदू हे विरामचिन्ह निवडले आणि १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. पाठोपाठ १९३४ साली तालिकेची संहिता आणि १९३७ साली वर्गीकरणाच्या तत्त्वमीमांसेवरील त्यांचा मोठा ग्रंथ आला.

पुढे त्यांनी असे प्रतिपादन केले की, कोणत्याही विषयाचे पैलू अखेर पाच मूलभूत कोटींत बसतात: व्यक्तित्व, पदार्थ, ऊर्जा, स्थल आणि काल. एक उदाहरण घेऊ. १९७२ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यात ज्वारीची साठवण कशी झाली, यावर एखादा प्रबंध आहे असे समजा. मुख्य शास्त्र शेती. त्यात ज्वारी हे व्यक्तित्व, साठवण ही ऊर्जा म्हणजे क्रिया, सोलापूर हे स्थल आणि १९७२ हा काल. असे पैलू वेगळे करून ठरावीक क्रमाने जोडले की, प्रबंधाची जागा निश्चित होते. ज्वारीवर काम करणारा, साठवणुकीवर काम करणारा आणि सोलापूरवर काम करणारा असे तिन्ही अभ्यासक आपापल्या वाटेने तेथे पोहोचू शकतात. ही पद्धत केवळ पुस्तकाला फळीवरची जागा देत नाही. प्रश्न कसा विचारावा, याचेही शिक्षण देते.

ब्रुसेल्सची इमारत आणि मद्रासचे सूत्र

ज्ञानाचे एकीकरण करू पाहणारे रंगनाथन हे पहिले नव्हते. त्यांच्या आधी बेल्जियममध्ये पॉल ओटले आणि आंरी ला फोंतेन या दोघा वकिलांनी १८९५ साली ब्रुसेल्स येथे आंतरराष्ट्रीय ग्रंथसूची संस्था स्थापन केली होती. यांतील ला फोंतेन यांना १९१३ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. जगात जे जे छापले गेले, त्या साऱ्याची कार्डांवर नोंद करावयाची, हा त्यांचा संकल्प होता. कार्डांची संख्या एक कोटीच्याही पुढे गेली. ड्यूईच्या दशांश पद्धतीचा विस्तार करून ओटले यांनी सार्वत्रिक दशांश पद्धती उभारली आणि तिच्यातही विषय जोडण्याच्या खुणा होत्या. प्रलेखन या शास्त्राची पायाभरणी ओटले यांनीच केली. पण १९३४ साली बेल्जियम सरकारने जागा काढून घेतली, १९४० मध्ये जर्मन फौजा आल्या, संग्रहाची वाताहत झाली आणि १९४४ मध्ये ओटले निवर्तले.

या दोन प्रयत्नांतील फरक बोधप्रद आहे. ओटले यांना जगाचे ज्ञान एका छताखाली आणावयाचे होते. म्हणून त्यांच्या योजनेला इमारत लागली, निधी लागला, सरकारची मर्जी लागली. आणि ती मर्जी फिरताच योजना कोसळली. रंगनाथन यांनी ज्ञान एका जागी आणण्याचा अट्टाहास धरला नाही. ते जेथे असेल तेथेच राहावे, पण त्याची मांडणी समान तत्त्वांनी व्हावी, एवढेच त्यांचे म्हणणे. इमारत पाडता येते. तत्त्व ज्याला पटले त्याच्याबरोबर ते चालू लागते. पारतंत्र्यातील एका विद्यापीठाच्या अपुऱ्या साधनांत काम करणाऱ्या माणसाने हा मार्ग धरला, यात परिस्थितीची सक्तीही असेल; पण तोच मार्ग टिकाऊ ठरला.

एक शास्त्र की अनेक?

दुसऱ्या महायुद्धानंतर फुटीची प्रक्रिया वेगाने सुरू झाली. शास्त्रीय नियतकालिकांतील लेखांचा पूर लोटला. संशोधकाला आता पूर्ण पुस्तक नको होते. त्याला चार पानांचा लेख, त्यातील एखादे कोष्टक हवे होते. ही गरज भागविणाऱ्यांनी स्वतःला ग्रंथपालांपासून वेगळे काढले आणि प्रलेखनकार हे नाव घेतले. अमेरिकेत १९३७ साली स्थापन झालेल्या प्रलेखन संस्थेने १९६८ साली आपल्या नावात माहितीशास्त्र हा शब्द घेतला. दरम्यान १९४८ साली क्लॉड शॅनन यांनी संदेशवहनाचा गणिती सिद्धांत मांडला आणि अभियंत्यांचा माहिती हा शब्द एक, तर ग्रंथपालांचा दुसरा, अशी स्थिती झाली.

रंगनाथन यांनी या फुटीला तात्त्विक विरोध केला. पुस्तक हा मोठा प्रलेख आणि लेख हा सूक्ष्म प्रलेख. सामान्य वाचक आणि संशोधक यांच्या गरजेत फरक आहे तो सूक्ष्मतेचा आणि तातडीचा, जातीचा नाही. सबब प्रलेखन हे ग्रंथालयसेवेचेच अधिक सखोल रूप होय, स्वतंत्र शास्त्र नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. ही भूमिका त्यांनी केवळ लिहिली नाही, ती संस्थांतून उभी केली. मद्रास विद्यापीठातून निवृत्ती घेऊन ते १९४५ साली राधाकृष्णन यांच्या निमंत्रणावरून बनारस हिंदू विद्यापीठात गेले आणि तेथील सुमारे एक लाख ग्रंथांचे वर्गीकरण बव्हंशी एकट्याने केले. १९४७ पासून दिल्ली विद्यापीठात त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे उच्च शिक्षण उभे केले. १९५२ साली युनेस्कोच्या साहाय्याने दिल्लीत राष्ट्रीय शास्त्रीय प्रलेखन केंद्र स्थापन झाले, त्यामागे त्यांची प्रेरणा होती. १९६२ साली बंगलोर येथे भारतीय सांख्यिकी संस्थेच्या आश्रयाने प्रलेखनाचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र त्यांनी सुरू केले. ग्रंथालय आणि प्रयोगशाळा यांच्यामधील भिंत पाडणे, हा या साऱ्या उद्योगाचा हेतू होता.

परदेशातही या विचारांनी मूळ धरले. १९५० साली सुरू झालेल्या ब्रिटिश राष्ट्रीय ग्रंथसूचीने विषयसूची तयार करताना रंगनाथन यांची शृंखला पद्धती स्वीकारली. लंडनमध्ये १९५२ साली जमलेल्या वर्गीकरण संशोधकांच्या गटाने १९५५ साली असे मत जाहीर केले की, माहिती शोधण्याच्या सर्वच पद्धतींचा आधार पैलूंवर आधारलेले वर्गीकरण हा असावा. ज्या शहरात एक भारतीय ग्रंथपाल शिकण्यासाठी गेला होता, त्याच शहराने तीस वर्षांनी त्याचा विचार शिकून घेतला.

कायद्याची लढाई

शास्त्राचे एकीकरण विद्वानांच्या सोयीसाठी आहे, असे रंगनाथन यांनी कधी मानले नाही. दुसरे सूत्र सर्वांसाठी आहे, म्हणजे खेड्यातल्या शेतकऱ्यासाठीही आहे. ते प्रत्यक्षात यावयाचे तर दानशूरांच्या मर्जीवर विसंबून भागणार नाही; कायदा हवा आणि कायद्याला कराचा आधार हवा. १९३० साली बनारस येथील आशियाई शिक्षण परिषदेत त्यांनी सार्वजनिक ग्रंथालय कायद्याचा नमुना मांडला. तो फलद्रूप होण्यास अठरा वर्षे लागली. १९४८ साली मद्रास प्रांताचा कायदा झाला आणि त्यात मालमत्तेच्या करावर ग्रंथालय उपकर बसविण्याची तरतूद झाली.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बडोद्यास आणून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले. कोल्हापूर संस्थानाने १९४५ सालीच, म्हणजे मद्रासच्याही आधी, ग्रंथालयाचा कायदा केला. महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६७ साली झाला. पण त्यात ग्रंथालय उपकराची तरतूद करण्यात आली नाही. मान्यताप्राप्त वाचनालयांना वर्गवारीनुसार अनुदान, असा मार्ग पत्करला गेला. या मार्गाने गावोगावच्या वाचनालयांची परंपरा जगली, हे मान्य केले पाहिजे. परंतु अनुदान हे वर्षावर्षाच्या अंदाजपत्रकावर अवलंबून असते, तर उपकर हा हक्काचा स्रोत असतो, हा भेद अर्थशास्त्रदृष्ट्या मूलभूत आहे. रंगनाथन यांचा कराचा आग्रह यासाठीच होता.

मोठेपणाच्या मर्यादा

या कार्याची उणी बाजूही सांगितली पाहिजे. ती झाकून ठेवणे रंगनाथन यांच्या शास्त्रीय वृत्तीला शोभणारे नाही. द्विबिंदू पद्धती विद्वानांनी वाखाणली, पण ग्रंथालयांनी फारशी स्वीकारली नाही. खुद्द भारतात बहुतेक ठिकाणी ड्यूईचेच अंक चालू राहिले. याला कारणे होती. प्रत्येक नव्या आवृत्तीत त्यांनी मोठे फेरफार केले. तत्त्व सुधारले, पण हजारो पुस्तकांच्या पाठीवरचे अंक पुसून नवे लिहिण्याचा खर्च कोणी सोसावयाचा? वाचकाचा वेळ वाचवू पाहणाऱ्या शास्त्रज्ञाने ग्रंथपालाच्या वेळेचा हिशोब तितक्या काटेकोरपणे केला नाही, असे म्हणावे लागते. त्यांची स्वनिर्मित परिभाषाही नवशिक्याला धाक घालणारी होती.

याहून महत्त्वाची कसोटी इंग्लंडमधील क्रॅनफील्ड येथे लागली. सिरिल क्लेव्हरडन यांनी १८,००० प्रलेख घेऊन चार निरनिराळ्या पद्धतींची प्रत्यक्ष तुलना केली. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार चारही पद्धतींच्या यशात फार मोठे अंतर नव्हते, आणि पैलू पद्धती तर शेवटी होती. गृहीतांपासून निष्कर्ष काढणाऱ्या गणिती पद्धतीला मोजमापाची जोड हवी, हा धडा या प्रयोगाने दिला. एकीकरण केवळ तत्त्वाने होत नाही. प्रत्येक पंथाचा दावा एकाच मापाने मोजण्याची तयारीही लागते. पुढील काळात माहितीशोधाच्या क्षेत्रात जी प्रगती झाली, ती बरीचशी या प्रायोगिक वाटेने झाली.

तथापि या मर्यादांनी माणूस लहान होत नाही. आयुष्यभराच्या बचतीतून त्यांनी मद्रास विद्यापीठाला एक लाख रुपये दिले, ते ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी, आणि त्या अध्यासनाला आपली द्वितीय पत्नी शारदा हिचे नाव जोडले. १९५७ साली पद्मश्री आणि १९६५ साली राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकपद हे सन्मान त्यांच्या वाट्याला आले. २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगलोर येथे त्यांचे निधन झाले. अखेरपर्यंत लेखन आणि अध्यापन चालूच होते.

आजचा प्रश्न

त्यांच्या निधनाला अर्धशतक उलटून गेले आहे. ज्या संस्थांतून एकीकरण साधावयाचे होते, त्यांतील काहींची नावे आता उरलेली नाहीत. ओटले यांच्या परंपरेतील आंतरराष्ट्रीय प्रलेखन महासंघ चालू शतकाच्या आरंभी बंद पडला. दिल्लीचे प्रलेखन केंद्र २००२ साली दुसऱ्या संस्थेत विलीन झाले आणि ती संस्थाही २०२१ मध्ये आणखी एका संस्थेत मिसळली. पण तत्त्व कोठे कोठे जाऊन बसले आहे पाहा. आज संगणकाच्या पडद्यावर वस्तू खरेदी करणारा ग्राहक आकार, रंग, किंमत, बनावट असे पर्याय निवडीत जातो आणि हजारो वस्तूंतून हवी ती चार-पाच समोर येतात. ही पैलूंची मांडणीच होय. बाजाराने ती तत्परतेने उचलली. आपल्या कित्येक वाचनालयांना मात्र ती अजून परकी आहे. दुकानात ग्राहकाचा वेळ वाचविला जातो, कारण त्यात नफा आहे. वाचकाचा वेळ वाचविण्यात जो सामाजिक नफा आहे, तो कोणाच्याच ताळेबंदात दिसत नाही, म्हणून तो दुर्लक्षित राहतो.

क्षेत्राची फाटाफूटही थांबलेली नाही. ग्रंथपाल, अभिलेखपाल, संगणक अभियंता, आकडेवारीचे विश्लेषक आणि आता प्रश्नाला थेट उत्तर रचून देणारी यंत्रे घडविणारे, असे नवे जुने पंथ शेजारी शेजारी नांदतात. पण एकमेकांचे ग्रंथ वाचीत नाहीत. यंत्र शोध करते, तरी शोधून काढलेली नोंद कोणत्या विषयाची, कोणाची आणि कितपत विश्वसनीय, हा वर्गीकरणाचाच प्रश्न शिल्लक राहतो. दुसरीकडे परंपरेने चालणारा ग्रंथालयाचा अभ्यासक्रम पंचसूत्री पाठ करवून घेतो. पण तीच सूत्रे संगणकीय संग्रहाला लावून दाखविण्याचा उत्साह तेथे क्वचितच दिसतो. सूत्रकाराचे सूत्र पाठांतरात अडकले, की त्याचा धागा तुटतोच.

यावरील उपाय नव्या नावाची आणखी एक विद्याशाखा काढणे हा नव्हे. त्याने फुटी वाढतील. या सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी एक समान पाया देता येईल. विषयाचे पैलू कसे पाडावेत, शोधाचे यश कसे मोजावे आणि माहिती मागणाऱ्याची गरज कशी ओळखावी, एवढे तीन विषय सर्वांना सारखे शिकविले, तरी पुढची श्रमविभागणी जुळणीसह होईल. पहिला विषय रंगनाथन यांनी दिला, दुसरा त्यांच्या टीकाकारांनी दिला आणि तिसरा या दोघांनाही मान्य होता. त्याचबरोबर गावच्या वाचनालयाला अनिश्चित अनुदानाऐवजी हक्काचा निधी मिळाला पाहिजे. तसे झाले नाही तर एकीकृत शास्त्राचा लाभ ज्यांच्याजवळ आधीच साधने आहेत त्यांनाच होईल.

गणिताचा वर्ग सोडून ग्रंथालयाच्या सुनसान खोलीत आलेल्या त्या अध्यापकाने स्वतःला एकच प्रश्न विचारला होता. येथे ज्ञान आहे आणि तेथे ते शोधणारा माणूस आहे. या दोहोंची गाठ का पडत नाही? त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी त्याने व्यवसायांच्या भिंती मानल्या नाहीत. आज साधने त्याच्या स्वप्नापलीकडे वाढली आहेत, परंतु प्रश्न तोच आहे. ग्रंथपाल दिनाला त्याच्या प्रतिमेला हार घालणाऱ्यांनी त्या दिवशी आपल्या संस्थेतील कपाटांची कुलपे एकदा पाहावीत, आणि संगणकावर बसणाऱ्यांनी आपल्या पडद्यासमोर कोण येऊ शकत नाही, हे पाहावे. पाच सूत्रांपैकी किती पाळली जातात, याचा हिशोब तेथेच लागेल.